नोकरी सांभाळून एकरभर द्राक्ष: कुठलं मिनिट महागाचं, कुठलं फुकटचं?

मोहाडी_शिवार

राम राम मंडळी. दिंडोरी तालुक्यात मोहाडी शिवारात एक एकर थॉम्पसन (बिनबियांचं हिरवं द्राक्ष) आहे. डॉगरीज खुंटावर कलम, वेल वाय आकाराच्या ताटीवर, अंतर 9 बाय 5 फूट. गोडी छाटणी (फळासाठीची) 12 ऑक्टोबरच्या आसपास धरायचा विचार आहे. नोकरी सातपूरला, शिफ्ट 7 ते 3.30. म्हणजे बागेसाठी पहाटे पाऊण तास, संध्याकाळी सव्वाचार ते अंधार पडेपर्यंत, आणि आठवड्याची सुट्टी. दिवसभर घरचं एक माणूस बागेत असतं. मजूर टोळीने मिळतात, पण सांगितल्या दिवशी येतीलच असं नाही.

"वेळेवर करा" असं सगळेच सांगतात. वेळेवर म्हणजे नक्की किती? कुठल्या कामाला दोन तासांचा उशीर खपत नाही आणि कुठल्याला दोन दिवसांचाही चालतो? जीएची (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडची) डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, रोज संध्याकाळी थोडी थोडी उरकता येईल का? आणि मधेच मिळणारी दहा-पंधरा मिनिटं कशाला लावावीत? बागेतून नुसती चक्कर मारण्यात ती जातात.

आडगावकर

नोकरी असेल तर बाग वाट्याने द्या आणि मोकळे व्हा. द्राक्ष म्हणजे रोज उठून बघायचं पीक आहे, सुट्टीच्या दिवशी बघायचं नाही.

कादवाकाठ

आडगावकर आबा, घरचं माणूस दिवसभर बागेत आहे म्हणतात ते. त्यामुळे लगेच वाट्यावर जायला नको. पण आधी गुणाकार करून घ्या, मग महाग मिनिट कुठलं ते आपोआप दिसेल.

9 बाय 5 म्हणजे एकरी 968 झाडं. झाडाला 30 घड धरले तर 29,040 घड. आता एका घडामागे एक सेकंद जास्त लागला तर एकरात 29,040 सेकंद, म्हणजे आठ तास. एका घडाचा एक सेकंद म्हणजे एक पूर्ण मजुरी. घडाला हात लावायचं जेवढं काम आहे (जादा घडांची विरळणी, दोन डिपिंग, घडातल्या मण्यांचं थिनिंग, घडाला पेपर लावणे, तोडणी) त्या प्रत्येकाला हाच हिशोब.

म्हणून पहिली बचत घडांच्या संख्येत. झाडावर 40 घड सोडले तर 9,680 घड जास्त झाले आणि ते पुढे प्रत्येक कामात हात मागणार. जादा घड पोपटी अवस्थेतच (कोवळ्या फुटीत घड नुकते दिसू लागतात तेव्हा) काढून टाका. तेव्हा घड चिमटीने तुटतो, कात्रीसुद्धा लागत नाही. मणी सेट झाल्यावर "थोडे जास्त राहू दे" म्हणून ठेवलेला घड शेवटी काढावाच लागतो, तोवर त्याच्यावर औषध, जीए आणि मजुरी तिन्ही खर्च झालेलं असतं.

आता डिपिंग. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: संध्याकाळी थोडी थोडी करू नका. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. साडेचारला हात घातला तर दीड तास मिळतो. सहा माणसं, घडाला आठ सेकंद (पान बाजूला करणे, बुडवणे, झटकणे, पुढच्या घडाकडे जाणे), तर एका संध्याकाळी चार हजारांच्या आसपास घड. सगळी बाग व्हायला सात संध्याकाळी. पहिलं डिपिंग मणी 3 ते 4 मिमीचा असताना, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की. दुसरं 6 ते 7 मिमीला. सात दिवसांत पहिल्या ओळीचा मणी दुसऱ्या डिपिंगला येऊन पोचलेला असेल आणि शेवटच्या ओळीचं पहिलंही झालेलं नसेल. तेच काम दहा-बारा माणसांनी एका दिवसात होतं. 29,040 गुणिले आठ सेकंद म्हणजे साडेचौसष्ट तास. या एका दिवसासाठी कंपनीत रजा टाका, बाकी कशासाठी टाकली नाही तरी चालेल.

त्या दिवशीचे सेकंद कुठे गळतात तेही बघा. घडाभोवतीची पानं आदल्या दिवशीच काढलेली हवीत, नाहीतर निम्मा वेळ घड शोधण्यात जातो. बादली माणसासोबत पुढे सरकली पाहिजे. घड बुडवायचं भांडं (मग) भरायला ओळीच्या टोकाला परत जाणं हा सगळ्यात मोठा तोटा. ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस, ताटीखालून इकडे-तिकडे जाणं बंद. प्रत्येक झाडावर खोडापासून सुरू करून ओलांड्याच्या (ताटीवरच्या आडव्या फांदीच्या) टोकापर्यंत, हा क्रम मोडायचा नाही. क्रम मोडला की घड सुटतो, आणि सुटलेला घड बारीक मण्याचा राहतो. तोडणीला तो एकटा घड बाजूला काढण्यात जाणारा वेळ वेगळाच.

घड पूर्ण बुडाला की भांडं खाली घ्या आणि घड हलका झटका. झटकायला एक सेकंद लागतो म्हणून मजूर तेच पहिलं गाळतात. तिथे मात्र बचत करू देऊ नका. घडाच्या शेंड्याला थेंब साचून राहिला की खालचे मणी आणि वरचे मणी सारखे राहत नाहीत.

थिनिंगचंही थोडक्यात. मणी-मणी कापत बसलं तर घडाला एक मिनिट जातं, म्हणजे एकराला साठ मजुऱ्या. घडाचा शेंडा मारून मधल्या पाकळ्या (घडाच्या छोट्या उपशाखा) एकाआड एक काढल्या तर एका कापात दहा-बारा मणी जातात आणि काम चाळीस सेकंदांत बसतं. वीस मजुऱ्या वाचल्या. टोळीला पहिल्या अर्ध्या तासात दोन घड स्वतः करून दाखवा. नुसतं तोंडी सांगून थिनिंग जमत नाही.

मोहाडी_शिवार

हा एक सेकंद म्हणजे एक मजुरीचा हिशोब कधी डोक्यात आलाच नव्हता. जीएचं द्रावण आदल्या रात्री करून ठेवलं तर चालेल का? सकाळी तेवढाच वेळ वाचेल.

कादवाकाठ

पूर्ण द्रावण नको. पुड्या मोजून ठेवा, पाण्याचा सामू (पीएच) तपासून ठेवा, टाकी धुऊन ठेवा. इतकं रात्री करा.

जीएची साधी पुडी थेट पाण्यात नीट विरघळत नाही, गुठळी धरते. आधी थोड्या ॲसिटोनमध्ये पूर्ण विरघळवायचं आणि मग पाण्यात टाकायचं. ॲसिटोन पटकन पेट घेतं, विडी-चुलीपासून लांब. 100 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम. पहिल्या डिपिंगला साधारण 40 पीपीएम धरतात, म्हणजे 100 लिटरला 4 ग्रॅम. पुडीवर 90 टक्के लिहिलं असेल तर 4.4 ग्रॅम. हा फरक विसरला की द्रावण दहा टक्के पातळ. सोबत सीपीपीयू (मणी फुगवणारं दुसरं संजीवक) घेणार असाल तर 1 ते 2 पीपीएमच्या वर जाऊ नका. जास्त झालं तर साल जाड होते, रंग-गोडी उशिरा येते.

बोअरचं पाणी बहुधा सामू साडेसातच्या वरचं असतं. विम्लधर्मी पाण्यात जीए टिकत नाही. सायट्रिक किंवा फॉस्फरिक ॲसिडने पाणी सहाच्या आसपास आणा आणि मगच जीए टाका, उलटं नाही. भरलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. दुपारच्या कडक उन्हात डिपिंग थांबवा. घड भराभर सुकला की आत शिरायला वेळच मिळत नाही. दव उडाल्यावर सुरू करून अकरा-साडेअकराला विश्रांती आणि पुन्हा तीननंतर, असा दिवस लावा. मधल्या वेळात टोळीकडून बगलफुटी काढून घ्या.

केवडा_पहारा

डिपिंगला दिवस मोजतात, केवड्याला (डाऊनी मिल्ड्यू या बुरशीच्या रोगाला) तास. प्रश्नकर्त्याने विचारलेलं "दोन तास" इथे अक्षरशः लागू आहे.

केवड्याच्या बुरशीला पानावर पाणी लागतं. नुसता दमटपणा पुरत नाही, पान ओलं हवं. 20 ते 25 अंश तापमानात पान सलग दोन-तीन तास ओलं राहिलं की संसर्ग होऊन जातो. डाग दिसायला मात्र चार ते सात दिवस. म्हणून डाग बघून फवारणारा माणूस आठवडाभर मागे असतो. आणि पानाखालची पांढरी बुरशी रात्रीच तयार होते. तिला काही तास अंधार आणि भरपूर आर्द्रता लागते.

यातच तुमचा पहाटेचा पाऊण तास कामाला येतो. डिसेंबरात सूर्य सातला उगवतो, तेव्हा पहाटे अंधारच असणार. तो अंधार आपल्या फायद्याचा. बॅटरी घ्या, ओढ्याकडची किंवा झाडाच्या सावलीतली ओळ धरा (तिथे दव सर्वात उशिरा उडतं) आणि खालची पानं उलटून बघा. वरून फिकट तेलकट डाग आणि खालून त्याच जागी पांढरी लव, तर केवडा जिवंत आहे. डाग आहे पण लव नाही, अशी शंका असेल तर ती दोन-तीन पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कागदासोबत घालून रात्रभर घरात अंधारात ठेवा. सकाळी लव आली तर आंतरप्रवाही (पानात शिरून काम करणारं) औषध घ्यायचं. नाही आली तर डाग बहुधा मेलेला आहे, ती फवारणी वाचली. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

घरच्या माणसाला फक्त दोन वेळा टिपायला सांगा: पान ओलं कधी झालं, कोरडं कधी झालं. हवामान केंद्र नसलं तरी एवढ्यावर निर्णय घेता येतो. पाऊस संध्याकाळी येणार असा अंदाज असेल तर आधीच स्पर्शजन्य (पानावर बसून अडवणारं) औषध, मॅन्कोझेब 2 ग्रॅम प्रति लिटर. पान रात्रभर ओलं राहून गेलं असेल तर स्पर्शजन्यावर भागत नाही, दुसऱ्या दिवशी आंतरप्रवाही हवं. निर्यातीचा माल धरला असेल तर औषध एनआरसीच्या (पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या) यादीत आहे का आणि तोडणीपूर्वी किती दिवस बंद करायचं, हे बाटली उघडण्याआधी बघा.

आता संध्याकाळची फवारणी बसते का? बसते, पण तयारीनिशी. नऊ फुटांच्या ओळी, एकरात सगळ्या ओळी मिळून 4,840 फूट, म्हणजे दीड किलोमीटरच्या आत. ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटरने चालला तर 22 मिनिटं, वळणं धरून अर्धा तास. पूर्ण पानोळ्याला 400 लिटर पाणी. म्हणजे ब्लोअरने (ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राने) मिनिटाला अठरा लिटर सोडलं पाहिजे. साधं पाणी भरून मिनिटभर सगळे नोझल बादल्यांत धरून मोजा, छाटणीआधी एकदा केलं की झालं. एक नोझल तुंबलेला असेल तर ती उंची आख्ख्या बागेत कोरडी राहते आणि केवडा नेमका तिथेच निघतो.

बहुतेकांचा वेळ फवारण्यात जात नाही, मिसळण्यात जातो. टाकी भरायला पाऊण तास, पावडर कालवायला पंधरा मिनिटं, तोवर सव्वापाच वाजले. घरच्या माणसाने चारला टाकी भरून ठेवली आणि पावडर वेगळ्या बादलीत कालवून ठेवली, तर साडेचारला तुम्ही बागेत आणि पाच-सव्वापाचला बाहेर. औषधाला सुकायला दव पडण्याआधी तासभर तरी मिळतो. पहाटे दवावर फवारू नका. तुमचा वेळ वाचतो, पण औषध थेंबाबरोबर खाली जमिनीत.

ठिबकवाला

पाण्याची मिनिटंही लिहून ठेवा. झाडाला दोन ड्रिपर, ताशी 4 लिटरचे, तर एकराला तासाला 7,744 लिटर. पाव तास जास्त चाललं तर झाडाला दोन लिटर जास्त. एरवी काही बिघडत नाही. पण मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून गोडी भरू लागल्यावर) चार दिवस कोरडं ठेवून मग एकदम तीन तास सोडलं की मणी तडकतात. तिथे रोजचं थोडं आणि सारखं पाणी हाच नियम. शेतीच्या लाइटचं वेळापत्रक दिवस-रात्र बदलतं, त्यामुळे बरेच जण स्टार्टरला ऑटो लावून झोपतात. ऑटो लावायचा तर सोबत टायमर लावा. लाइट कधी आली यावर बागेचं पाणी ठरता कामा नये.

पंधरा मिनिटं मिळाली तर फिल्टर धुवा. गाळणीच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर बघा, दोघांत फरक वाढला की धुवायची वेळ झाली. मग सबमेनच्या (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपच्या) शेवटच्या दोन लॅटरलची (ड्रिपरच्या नळ्यांची) टोकं उघडून गढूळ पाणी जाईपर्यंत वाहू द्या. शेवटची झाडं कायम मागे का असतात, त्याचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

कादवाकाठ

छोट्या वेळेचं राहिलंच होतं. चक्कर मारू नका, दहा झाडं कायमची ठरवा. चार कोपऱ्यांत दोन-दोन, मध्ये दोन, खोडाला रंगीत फीत. रोज तीच झाडं. छाटणीनंतर डोळे किती फुगले, मग फूट किती पानांवर आली, मग मणी किती मिमीचा झाला. साधी प्लॅस्टिकची व्हर्निअर पट्टी पुरते. दहा झाडांचे वीस मणी मोजायला बारा मिनिटं लागतात आणि डिपिंगची तारीख तीन दिवस आधी कळते. टोळीला तीन दिवस आधी सांगितलं तर टोळी येते. आदल्या रात्री फोन करणाऱ्याला टोळी "बघू" म्हणते.

पॅकहाऊस_ओझर

तोडणीचे तास कुणी सांगितले नाहीत म्हणून लिहितो. दव उडाल्यावर सुरू, साधारण साडेदहा-अकराला बंद. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागलं की वरची मेणाची लव पुसली जाते आणि तो ठसा पेटीत दिसतो. क्रेट भरला की लगेच सावलीत. पंधरा मिनिटं उन्हात राहिलेला क्रेट शीतगृहात तेवढ्याच मिनिटांत थंड होत नाही, तासन्‌तास जातात. तोडणी ते प्रीकूलिंग (साठवणीआधी माल थंड करणं) चार तासांच्या आत बसवा. जास्त झाले की सगळ्यात आधी देठ तपकिरी पडतो, आणि खरेदीदार आधी देठच बघतो. मण्याच्या आतलं तापमान 4 अंशांपर्यंत आणून मग 0 ते 1 अंशात साठवण, आर्द्रता 90 ते 95 टक्के.

मोहाडीहून गाडी निघायची वेळ आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजून तोडणी सुरू करा. माल तोडून गाडीची वाट बघणं म्हणजे सगळा हंगाम झाडाखाली ठेवून देणं.

आणि थॉम्पसन आहे म्हणून, घडाला पेपर मण्यात पाणी उतरण्याआधी लावा. दिवसा-रात्रीच्या तापमानात फार फरक पडू लागला की मणी गुलाबी पडतात. एकदा रंग चढल्यावर पेपर लावून उपयोग नाही.

मोहाडी_शिवार

खूप धन्यवाद. म्हणजे रजा एकच, पहिल्या डिपिंगला. आणि छाटणी? ती दोन सुट्ट्यांत अर्धी-अर्धी केली तर?

कादवाकाठ

नाही, हे तर सगळ्यात महाग पडेल. छाटणी दोन हप्त्यांत म्हणजे आख्खा हंगाम दोन बागा सांभाळणं: दोन पेस्टिंग (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं), दोन पोपटी अवस्था, चार डिपिंग. छाटणी एका दिवसात संपवा आणि पेस्टिंग 48 तासांच्या आत, तेही एकाच दिवसात. झाडाला अडीच मिनिटं धरली तर चाळीस तास, म्हणजे पाच माणसं, एक दिवस. पेस्टिंग तीन दिवस रेंगाळली की फूट मागेपुढे निघते आणि तो फरक पुढे भरून निघत नाही. तेव्हा सुट्टी छाटणीला वापरा, दुसऱ्या दिवशी पेस्टिंग घरच्या माणसाच्या देखरेखीखाली. जमलं तर तीही रजा टाका.

पेस्टिंगचं औषध, हायड्रोजन सायनामाईड, 50 टक्क्यांचं असेल तर 30 ते 40 मिली प्रति लिटर. ऊन जास्त आणि काडी बारीक असेल तर 30, गारठा आणि जाड काडी असेल तर 40 कडे. लाल रंग टाकाच, कुठला डोळा राहिला ते लगेच दिसतं. लावल्यावर काही तास पाऊस नको, म्हणून दुपारी ढग येतात अशा दिवसांत सकाळी लवकर सुरू करा.

केवडा_पहारा

पेस्टिंगबद्दल एक जोडतो, कारण टोळीला हे कुणी सांगत नाही. ज्याला पेस्टिंग करायची आहे त्याने आदल्या दिवशी आणि नंतर सात दिवस दारूला शिवायचं नाही. हे औषध अंगात असताना थोडी जरी घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, दम लागतो, दवाखान्यात न्यायची वेळ येते. मुकादमाला हे टोळी ठरवतानाच सांगा, पेस्टिंगच्या सकाळी सांगून उपयोग नाही. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांना चष्मा. कापडी मोजे चालत नाहीत, ते भिजले की औषध दिवसभर हाताला धरून ठेवतात. मोजे आणि साबण दोन दिवस आधी आणून ठेवा. ऐन वेळी दिंडोरीला पळालात तर टोळी तासभर बांधावर बसून राहील.

मोहाडी_शिवार

मुकादमाला आजच फोन करतो. वाट्याने देण्याचं पुढच्या वर्षी बघू, आडगावकर आबा.

आडगावकर

बघा. फीत तरी बांधा आधी त्या दहा झाडांना.